व्हेटस्टोन हाउसचे सहावे कलम

नोव्हेंबर महिन्यातील दुसऱ्या गुरुवारी, सकाळी, शेफील्ड शहरात, डॉन नदीच्या काठी उभ्या असलेल्या व्हेटस्टोन हाउस नामक इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, छपाईच्या कागदांसाठी राखून ठेवलेल्या कोठडीत ओवेन प्रिचर्ड हा तरुण एका सुताराच्या निधनाची वार्ता वाचत असताना दार उघडले आणि एक मुलगी किंचाळली.

किंचाळण्यात तिचा काही दोष नव्हता, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. कागदाचा गठ्ठा घ्यायला म्हणून कुणी अंधाऱ्या कोठडीचे दार उघडावे आणि आत, टांगलेल्या जुन्या ओव्हरकोटांच्या मधोमध, डोक्यावर गोधडी पांघरलेला एक लांबुडका माणूस, “त्यांच्या पश्चात दोन कन्या आणि एक कुत्रा असा परिवार आहे,” असे अतिशय गंभीर स्वरात बोलताना दिसावा, तर भल्याभल्यांची बोबडी वळेल.

“तुम्ही… तुम्ही इथे राहता?” छातीवर हात ठेवून तिने विचारले.

“फक्त गुरुवारी सकाळी,” गोधडीखालून उत्तर आले. “एरवी चौदा नंबरच्या खोलीत माझं टेबल आहे. दार लावून घ्या, प्लीज. रेकॉर्डिंग चालू आहे.”

“अगंबाई! म्हणजे मी किंचाळले ते—”

“आलं त्यात.”

“आणि ‘तुम्ही इथे राहता’ हे—”

“तेही आलं. आणि आता हेही येतंय.”

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबले. पण हसू कुठे हातांना जुमानते? ते बोटांच्या फटींतून बाहेर आले, आणि कागद तसाच टाकून ती पळाली. ओवेनने गोधडी बाजूला सारली तेव्हा दाराच्या फटीत एक हिरवी शाल क्षणभर दिसली… आणि ओल्या लोकरीचा वास तेवढा मागे राहिला.

व्हेटस्टोन हाउसमध्ये एके काळी सुऱ्यांना धार लावीत. आता तिथे लहानलहान सेवाभावी संस्था नांदत होत्या. एकेका खोलीत एकेक, कुठे दोन माणसांची, कुठे एकाच माणसाची. स्वयंपाकघर सामाईक, छपाईचे यंत्र सामाईक, आणि फ्रिजमधले दूध कोणी संपवले यावरचे भांडणही सामाईक. ओवेनची संस्था ‘बोलके वर्तमानपत्र’ चालवीत असे. शहरातल्या ज्या लोकांची दृष्टी गेली होती त्यांच्यासाठी आठवड्याच्या स्थानिक बातम्या वाचून, त्यांच्या प्रती काढून घरोघर पाठवायच्या, हे तिचे काम. कोठडीतले ओव्हरकोट आवाजाचा घुमारा शोषून घेत, म्हणून तो तिथे बसे. ती किंचाळी त्याला कापून टाकायची होती; परंतु प्रती काढणारे निवृत्त पोलादकामगार त्या दिवशी लवकर आले आणि त्याला कळायच्या आत सुताराची निधनवार्ता किंचाळीसकट शहरभर गेली.

दुसऱ्या दिवशी फोनवर फोन आले. तक्रार एकाचीही नव्हती. ‘त्या बिचाऱ्या विधवेला कोणी सावरलं की नाही?’ एवढेच सर्वांना हवे होते.

“मी सुताराची विधवा!” स्वयंपाकघरात ते ऐकून ती मुलगी म्हणाली, आणि तिने ओवेनचाच कप उचलून त्यात स्वतःचा चहा ओतला. “लग्नाआधीच! माझ्या आईला कळलं तर झीट येईल. मी थिया बॅराक्लफ. सतरा नंबर.”

थियाची संस्था दोघींची होती. इस्पितळातून घरी पाठवलेल्या पण घरी वाट पाहणारे कोणीच नसलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे ती जाई. दूध-पाव आहे ना, जिन्याचा कठडा हलत नाही ना, औषध घेतले ना, ते पाही. अनोळखी घरात एकटीने जायचे म्हणजे थोडी जोखीमच. अशी एकट्याने फिरणारी माणसे इमारतीत पुष्कळ होती. म्हणून इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या ग्लेंडाबाईंनी त्या हिवाळ्यात ठरवले की प्रत्येकाला एक पाठराखा असावा. बाहेर जाणाऱ्याने खालच्या फळ्यावर घराचे नाव आणि वेळ लिहावी, पोचल्यावर पाठराख्याला फोन करावा, निघाल्यावर पुन्हा करावा. फोन आला नाही तर पाठराख्याने हालचाल करावी.

नियम लिहिण्याचे काम ओवेनकडे आले, ते साहजिकच होते. भाडेकरूंच्या सभेत सूचनापत्रातल्या स्वल्पविरामावरून वाद घालणारा तोच एकटा होता. त्याने सहा कलमे लिहिली आणि ती इतकी चिरेबंदी लिहिली की बोट ठेवायला जागा नव्हती. मग ग्लेंडाबाईंनी बिस्किटांच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. थियाच्या चिठ्ठीशी निघाली ओवेनची चिठ्ठी.

“सहावं कलम वाचून दाखव ना,” थिया त्या संध्याकाळी म्हणाली. एव्हाना ती त्याला अरे-तुरे करू लागली होती, आणि त्याचा कप तिने कायमचा बळकावला होता. “तुझ्या त्या मयताच्या आवाजात.”

ओवेनने घसा साफ केला. “‘पती, पत्नी, आप्त अथवा प्रेमपात्र असलेली व्यक्ती पाठराखण करण्यास अपात्र ठरेल, कारण अशा व्यक्तीचे चित्त प्रसंगी ठिकाणावर राहत नाही.’”

“अनुभवाचे बोल वाटतं?”

“तर्काचे.”

“बरं झालं बाई.” तिने चमचा कपात हळूहळू फिरवला… साखर केव्हाच विरघळली होती, तरी फिरवतच राहिली. “म्हणजे आपल्याला काही धोका नाही.”

ओवेनने तिच्याकडे पाहिले. कोणत्याही विधानावर निदान दोन हरकती घेणाऱ्या त्या माणसाला त्या क्षणी एकही सुचली नाही.

“नाही,” तो म्हणाला.

दर गुरुवारी दुपारी थिया टेकडीवरच्या मिसेस क्रॅबट्रींकडे जात असे. म्हातारबाईंचा घोटा मोडला होता आणि डोळ्यांनी त्यांना दिसत नव्हते. दोनच्या सुमारास ओवेनचा फोन वाजे. “पोचले.” तीन वाजता पुन्हा वाजे. “निघाले.” पहिल्या आठवड्यात एवढेच. नंतर ‘पोचले’ला शेपूट फुटले: पोचले आणि कुत्र्याने माझा मोजा पळवला, पोचले आणि इथे खिडकीवर गारा पडतायत, ऐक… आणि ती फोन काचेला लावी, तो डोळे मिटून ऐके. ‘निघाले’ तर साऱ्या उतारभर चाले. ती खाली नदीपाशी पोचेपर्यंत तो खिडकीत उभा असे, आणि पुलावर हिरवी शाल दिसली की दोघेही एकमेकांना दिसत असूनही फोन ठेवीत नसत.

“काय रे पोरा,” ग्लेंडाबाई एकदा म्हणाल्या, “नुसतं ‘निघाले’ सांगायला तिला अर्धा तास लागतो होय?”

“टेकडीला उतार फार आहे,” ओवेन म्हणाला.

“उताराला वेळ कमी लागतो.”

“तो… जपून उतरावा लागतो.”

ग्लेंडाबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि दुधाच्या बाटलीवर ‘हे माझे आहे’ अशी चिठ्ठी चिकटवली.

उन्हाळा आला, गेला. सांगायची गोष्ट ओवेनच्या जिभेच्या टोकाशी येऊन बसली होती. स्वयंपाकघरात, जिन्यात, कोठडीच्या दारात, कुठेही ती सांगता आली असती. पण तो नियम लिहिणारा माणूस होता आणि त्याने त्या नियमात स्वतःलाच कोंडले होते. एकदा का त्याने तोंड उघडले की सहाव्या कलमाप्रमाणे तो अपात्र. मग गुरुवारचे ‘पोचले’ दुसऱ्याच कुणाच्या कानात पडणार. ती ‘नाही’ म्हणाली तर सगळेच गेले, आणि ‘हो’ म्हणाली तरी गुरुवार गेला. म्हणून तो गप्प राहिला, आणि आपल्या गप्प राहण्याला तो सचोटी समजत होता.

मग ऑक्टोबरातला तो गुरुवार उजाडला.

थिया नवे बूट घालून आली होती. तिच्या अंगावर शाल नव्हती. करडा, कडक इस्त्रीचा कोट होता. खालच्या फळ्यावर तिने ‘मिसेस क्रॅबट्री, दोन ते तीन’ असे लिहिले. मिसेस क्रॅबट्रींकडे जायला एरवी ती जेवणानंतर निघे. आज सकाळीच निघाली.

“इतक्या लवकर?” ओवेनने विचारले.

“आधी दुसरीकडे काम आहे.” ती त्याच्या डोळ्यांना डोळा देत नव्हती.

“पोचलीस की फोन कर.”

“ओवेन, तू म्हणजे ना…” तिने वाक्य अर्धेच टाकले. हात पुढे करून त्याची मुडपलेली कॉलर सरळ केली, बोटे तिथे जराशी रेंगाळली… आणि ती गेली.

दोन वाजून गेले. फोन वाजला नाही.

ओवेनने आधी घड्याळाकडे पाहिले, मग फोनकडे, मग पुन्हा घड्याळाकडे, जणू त्या दोघांपैकी एक जण खोटे बोलत होता. त्याने तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. इतक्या महिन्यांत एकदाही, गारा पडत असतानासुद्धा, तिचा फोन चुकला नव्हता. त्या टेकडीवरच्या दगडी पायऱ्या, काठावरची ओसाड गोदामे, वळणावर भरधाव येणाऱ्या लॉऱ्या, सगळे एकदम त्याच्या डोळ्यांसमोर आले. कलम एक काय होते, दोन काय होते, तीन काय होते, यातले काहीही आले नाही. खुंटीवरचा हाताला लागला तो कोट त्याने अंगात घातला आणि ग्लेंडाबाईंना जिन्यातूनच ओरडून सांगितले, “थियाचा फोन नाही! मी जातोय!”

“अरे पण थांब, आधी—”

तो पुलापलीकडे पोचला होता.

मिसेस क्रॅबट्रींचे दार त्याने मुठींनी वाजवले. दार उघडले. काठी टेकून उभी असलेली, पांढऱ्याशुभ्र केसांची एक चिमुकली म्हातारी.

“थिया आली का?”

“नाही बाबा, पण ती—”

पुढचे ऐकायला तो थांबलाच नाही. फाटकाबाहेर येऊन त्याने ग्लेंडाबाईंना फोन लावला. “ती पोचलीच नाही. घरात नाही. पोलिसांना सांगा.” आपला आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. शेकडो माणसांचे मरण ज्याने न अडखळता वाचले होते, त्या आवाजाला ‘पोचलीच नाही’ हे दोन शब्द पेलत नव्हते. बसथांब्याच्या आडोशाला, गोदामांच्या मागे, कालव्याच्या काठी तो हाका मारीत फिरला. कालव्याच्या काळ्या पाण्याकडे त्याने पाहिले आणि लगेच मान फिरवली.

अखेर ग्लेंडाबाईंनी बजावल्याप्रमाणे तो पोलिसांची वाट पाहायला पुन्हा त्या घराशी आला. म्हातारी दार तसेच धरून उभी होती.

“माणसाचं वाक्य पुरं होऊ द्यावं की नाही?” ती कडाडली. “मला वाटलं होतं, निदान तू तरी देशील. आवाजावरनं ओळखलं मी तुला. तू गुरुवारचा आवाज. आत ये.”

“बाई, मला वेळ नाही. थिया—”

“धडधाकट आहे थिया. बस.”

ओवेन बसला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पावाच्या डब्याशेजारी, त्याच्याच संस्थेचे ध्वनियंत्र होते. म्हातारीने अंदाजाने किटली गाठली, एक थेंबही न सांडता चहा ओतला आणि त्याच्यापुढे सरकवला.

“ती सुताराच्या वेळची किंचाळी,” म्हातारी म्हणाली, “ती थियाची. पहिल्या दिवशी ती माझ्या जिन्यावर पाय घसरून ओरडली आणि मी म्हटलं, अगं, तूच की ती! मग काय, तिनं सगळं सांगितलं. तुझी गोधडीसुद्धा.”

“ती… माझ्याबद्दल बोलते?”

“वेडा की काय तू! माझा घोटा वसंतातच बरा झाला. नाचू शकते मी. ती काय माझ्या घोट्यासाठी येते होय? येते, पावाला लोणी लावते आणि तुझ्या बातम्या ऐकते. निधनवार्ता तर दोन-दोनदा लावायला सांगते.”

“निधनवार्ता? दोनदा?” ओवेनने कप खाली ठेवला.

“म्हणते, मेलेल्यांबद्दल हा माणूस इतकं जिवाभावाचं बोलतो, आणि जित्या माणसापुढे याच्या तोंडून शब्द फुटत नाही.”

ओवेन त्या यंत्राकडे पाहत राहिला. आपण कोठडीत गोधडी घेऊन बसतो आणि आपला आवाज इथे, या लोण्याच्या आणि पावाच्या वासात, तिच्यासमोर बसलेला असतो… महिनोन् महिने आपल्या आधी आपला आवाज तिच्याकडे येऊन पोचत होता!

“मग आज ती कुठे आहे?”

काठीच्या मुठीवर म्हातारीची बोटे फिरली. “सांगू नको म्हणाली होती. पण तू पोलीस बोलावलेस, आता काय झाकायचं? मँचेस्टरला गेलीय. मुलाखत आहे. मोठी संस्था आहे, नोकरी पार उत्तरेला, ॲबरडीनला. ‘गुरुवारी फळ्यावर तुमचं नाव खोटंच लिहीन, रागावू नका,’ असं परवा फोनवर म्हणाली. ती धडधाकट आहे एवढंच तुला सांगत होते, तर तू तीरासारखा सुटलास.”

ॲबरडीन! तिथून कुणी पुलावर दिसत नाही. जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ते भांडेच कुणी हिसकावून न्यावे, तसे ओवेनचे झाले. ती सुखरूप होती. ती त्याला ऐकत होती. ती त्याला फसवून गेली होती. ती जाणार होती. यांतल्या नेमक्या कशाचा धक्का आपल्याला अधिक बसला आहे, हे त्याला ठरवता येईना. आणि एखादी गोष्ट ठरवता न येणे, हाच त्याला आणखी एक धक्का होता.

त्याने ग्लेंडाबाईंना फोन लावला. व्यस्त. पुन्हा व्यस्त. तो उठला, उभ्याउभ्याच म्हातारीचा हात हातात घेतला आणि उताराला लागला. आता त्याला कळले की जपून उतरावे लागत नाही. धावतच उतरता येते.

व्हेटस्टोन हाउसच्या फाटकाशी तो पोचला आणि जागीच थिजला. अंगणात, आगीच्या वेळी जमायच्या जागेवर, सगळी इमारत उभी होती. कोणी छत्रीखाली, कोणी फाइल डोक्यावर धरून, कोणी हातात अर्धवट खाल्लेले सँडविच घेऊन. मधोमध पोलिसांची गाडी. माणूस हरवले की सर्वांची मोजणी करायची, आणि मोजणीची एकच रीत ग्लेंडाबाईंना ठाऊक होती. त्यांनी आगीची घंटा वाजवली होती.

मागून कोणीतरी धापा टाकीत आले. वळून पाहतो तर थिया! नवे बूट हातात, ओले मोजे पायांत, करड्या कोटाची इस्त्री पार मोडलेली.

“ओवेन…” ती त्याच्याकडे पाहतच राहिली. “तू ग्लेंडाबाईंचा रेनकोट का घातलायस?”

त्याने खाली पाहिले. रेनकोट जांभळा होता, कमरेला फुलाच्या आकाराचे बक्कल होते आणि बाह्या कोपरांपाशी संपत होत्या.

“तू सुखरूप आहेस,” तो म्हणाला.

“स्टेशनवर फोन चालू केला तर तुझेच कॉल! मी किती वेळा लावला, सारखा व्यस्त. मग गाडी बोगद्यात शिरली…” आणि तेवढ्यात तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. गाडी. गर्दी. छत्र्या. तिच्या चेहऱ्यावरचा रंग झरकन उतरला. “ओवेन… हे… हे सगळे माझ्यासाठी?”

“ॲबरडीनचं मला कळलंय.”

“मिसेस क्रॅबट्री!” तिने बुटांसकट हात कपाळाला लावला.

“ऐक. अजून कुणाला ठाऊक नाही. मी सांगतो, मीच फळा चुकीचा वाचला. तू रजेवर होतीस. तुझ्या विश्वस्तांच्या कानावर काही जायला नको.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या तसल्या वेळीही तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. “तू? तू फळा चुकीचा वाचलास? कोण विश्वास ठेवेल रे? तू फळ्यावरचे स्वल्पविराम दुरुस्त करतोस!”

आणि त्याने अडवायच्या आत ती गर्दीत शिरली, थेट पायरीवर चढली.

“मी हरवले नव्हते,” ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण शेवटच्या छत्रीपर्यंत पोचत होता. “मी फळ्यावर खोटं लिहिलं. मी मुलाखतीला गेले होते. तुम्ही सगळे माझ्यासाठी थंडीत उभे राहिलात… मला माफ करा.”

गाडीपाशी उभ्या असलेल्या पोलीसबाईने टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

“खोटं का लिहिलंस पोरी?” ग्लेंडाबाईंनी विचारले. “मुलाखतीला जाणं हा काही गुन्हा नाही.”

“ओवेनमुळे.” ती आता त्याच्याकडेच वळली होती, बाकीचे लोक जणू नव्हतेच. “तुला सांगितलं असतं तर तू ‘जा’ म्हणाला असतास. छान, शुद्ध, घडीव वाक्यात. ‘तुझ्या गुणांना तिथे अधिक वाव मिळेल.’ मला ते ऐकवलं नसतं.”

हे वाक्य त्याने खरोखर उच्चारले असते, अगदी याच शब्दांत. ओवेनचे कान तापले.

“आणि मुलाखत?” त्याने विचारले.

“त्यांनी विचारलं, एकटीनं काम करताना तुमच्या सुरक्षेची काय सोय आहे? मी सांगायला लागले. म्हटलं, एक माणूस आहे. दोन वाजता मी त्याला ‘पोचले’ म्हणते. तो खिडकीत उभा असतो. मी पुलावर दिसेपर्यंत तो हलत नाही… बोलता बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. मला दरदरून घाम फुटला. मी उठलेच. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘तुम्हाला ही नोकरी नकोय, बाई. धावा.’” तिने एक दीर्घ श्वास घेतला. “पण अशा नोकऱ्या पुन्हा निघतात. पुढच्या महिन्यात तिकडेच, डंडीला आहे. जाऊ?”

छत्र्या एकदम ओवेनच्या दिशेने वळल्या.

“मला वाटतं…” तो म्हणाला, “या प्रश्नाला तीन बाजू आहेत. पहिली—” आणि तो थांबला. कालव्याचे काळे पाणी पुन्हा त्याच्या डोळ्यांपुढून गेले. “नाही. एकच आहे. जाऊ नकोस.”

“का? वाद घालायचा तर नीट घाल.”

“माझं तुझ्यावर प्रेम आहे.” शब्द एकदाचे बाहेर पडले आणि त्याचा त्यालाच इतका धक्का बसला की त्याने फाटकाचा गज धरला. “केव्हाचं… पण सांगितलं की सहावं कलम लागू. मग गुरुवारी तू ‘पोचले’ कुणाला म्हणाली असतीस? तेवढ्या एका शब्दासाठी मी… मी मूर्खासारखा गप्प बसलो, थिया.”

आणि थिया किंचाळली.

तीच ती! कोठडीतली, निधनवार्तेतली, शहरभर गेलेली. बूट हातांतून सुटून पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले. मागच्या रांगेतून एक निवृत्त पोलादकामगार ओरडला, “अरे, ही तर सुताराची विधवा!” आणि सगळे अंगण खदाखदा हसले. पायरीवरून उतरून ती ओल्या मोज्यांनी सरळ त्याच्यापाशी आली आणि त्या हास्यास्पद जांभळ्या रेनकोटाची कॉलर तिने दोन्ही हातांनी नीट केली. या वेळी हात काढून घेतले नाहीत.

“एवढंच बोलायला तुला वर्ष लागलं?” ती कुजबुजली.

“उतार…” तो म्हणाला, “फार आहे.”

“आता तुमचं झालं असेल तर,” ग्लेंडाबाई पुढे आल्या, “मला काही विचारायचंय. ओवेन, तिसरं कलम काय सांगतं?”

“‘संपर्क न झाल्यास पाठराख्याने प्रथम…’” तो आठवू लागला आणि अडखळला. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. “‘…प्रथम, जिथे भेट ठरली आहे त्या घरी फोन करावा.’”

“केलास?”

“नाही.”

“मिसेस क्रॅबट्रींकडे फोन आहे?”

“आहे.”

“नंबर ठाऊक होता?”

“पाठ आहे,” ओवेन अगदी बारीक आवाजात म्हणाला.

“एक फोन, आणि ही घंटा वाजली नसती. हे कलम कुणी लिहिलं?”

“मी.”

ग्लेंडाबाईंनी त्याला नखशिखांत पाहिले. विशेषतः बक्कलापाशी त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग त्या पोलीसबाईकडे वळल्या, म्हणाल्या, “ताई, तुम्ही साक्षीदार,” आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी निकाल दिला:

“सहाव्या कलमाप्रमाणे ओवेन प्रिचर्ड हा थिया बॅराक्लफची पाठराखण करण्यास अपात्र आहे.”